नखेसाहेब

‘उजेडात धर बरं.’

कापूस खरेदी केंद्रावर आमच्या ग्रेडरसाहेबांचा दिवस या वाक्याने सुरू व्हायचा. शेतकरी गाडीतून मूठभर कापूस उपसून त्यांच्यापुढे धरायचा. साहेब कापूस घ्यायचं सोडून त्याचं मनगट पकडायचे, हात उन्हाकडे फिरवायचे आणि बोटांची टोकं निरखत राहायचे. या ओढाताणीत मूठ सुटायची, कापूस मातीत पडायचा आणि शेतकऱ्याचं तोंड उतरायचं. त्याला वाटायचं, साहेबांना माल पसंत पडला नाही. साहेबांनी माल अजून पाहिलेलाच नसायचा. ते नखं पाहत असायचे.

मी तेव्हा महागावच्या केंद्रावर वजनकाट्याचा कारकून होतो. माझा काटा आणि साहेबांची खुर्ची यांच्यामध्ये एक कडुलिंबाचं झाड, एवढंच काय ते अंतर. त्यामुळे हा सगळा तमाशा मी अगदी पुढच्या बाकावरून पाहिलेला आहे. तुम्हीही शेजारी बसा, जागा आहे.

ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस. तो कापूस चिमटीत धरून धागा ओढतो, लांबी पाहतो, ओल पाहतो, डाग पाहतो आणि मग एकच शब्द उच्चारतो. ‘सुपर’ म्हटलं की गाडीवाला बैलाच्या पाठीवर थाप मारतो. ‘फेअर’ म्हटलं की नुसती मान हलवतो. आणि ‘कवडी’, म्हणजे अळीने खाल्लेला डागी माल, असं म्हटलं की तो तिथेच उभा राहतो. ती वर्षं कापसासाठी फार वाईट होती. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, वरून हिरवीगार दिसायची आणि बोंड फोडलं की आत अळी. भाव कधी पडेल, खरेदी कधी बंद होईल, कशाचाच नेम नव्हता. फाटकाबाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग पार एसटी स्टँडपर्यंत जायची आणि रांगेतला प्रत्येक माणूस ठिणगीची वाट पाहत असायचा. अशा जागी ग्रेडरने तोंड गंभीर ठेवावं, कमी बोलावं, अशी रीत होती. आमच्या साहेबांना ती कुणी सांगितलेली दिसत नव्हती.

बुटका, गोल, सदा घाईत असलेला माणूस. चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. खुर्चीवर बसलेले असले तरी उठायच्या बेतात असल्यासारखे दिसायचे. एखाद्याला ते सांगायचे, ‘कापूस सुपर हाय गा तुहा. पण नखं कवडी झाली. दवाखान्यात जाऊन ये.’

पहिला अर्धा भाग ऐकून त्या माणसाला इतका आनंद व्हायचा की उरलेला त्याच्या कानात शिरायचाच नाही. मग साहेब त्याच्यामागे काट्यापर्यंत धावत यायचे. ‘बाबू, याचं वजन कर, पण याले सोडू नको. याच्या नखात रक्तच नाही.’

मी वजन करायचो. माणूस धरून ठेवणं माझ्या कामात बसत नाही, हे मी त्यांना दरवेळी सांगायचो आणि ते दरवेळी ‘बरोबर हाय, बरोबर हाय’ म्हणून पुन्हा तेच करायचे.

लोक त्यांना माघारी नखेसाहेब म्हणत. पुढे पुढे नव्या माणसाला ते आडनावच वाटू लागलं. एक पाहुणा फाटकावर येऊन अदबीने विचारत होता, ‘नखेसाहेब कोणते?’ साहेब जवळच होते. ‘मीच,’ ते म्हणाले, ‘हात उजेडात धर बरं.’

हे वेड त्यांना कसं लागलं तेही ऐका. एका पावसाळ्यात टायफॉइडने ते अंथरुणाला खिळले होते. बरे झाले, कामावर आले, विसरूनही गेले. दिवाळीच्या सुमाराला पायात काटा मोडला म्हणून सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी काटा काढता काढता त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, ‘पावसाळ्यात मोठं दुखणं झालं होतं का?’ साहेब चाट पडले. प्रत्येक नखावर एक आडवी खाच होती, शेतातल्या नांगराच्या तासासारखी. शरीर मोठ्या आजाराशी झगडत असताना नखाची वाढ अडते, तिथे अशी खाच राहते आणि नख वाढेल तशी ती टोकाकडे सरकत जाते, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काटा निघालेला पाय घेऊन साहेब पळतच केंद्रावर आले.

‘बाबू, म्या एक शब्द सांगतला नाही. नखानं चुगली केली माही.’

त्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरांची शिकवणीच लावली. संध्याकाळी खरेदी आटोपली की दवाखान्यात जाऊन बसायचे आणि सकाळी येऊन आम्हाला शिकवायचे. नख चमच्यासारखं खोलगट झालं असेल तर त्यावर पाण्याचा थेंब ठरतो, आणि असं नख असेल तर रक्त तपासून घ्यावं, अंगात लोह कमी असू शकतं. झालं. साहेब पाण्याचा गडू घेऊन आवारभर फिरू लागले आणि हमालांच्या नखांवर थेंब सोडू लागले. दोन्ही तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावून धरायची; मध्ये उजेडाची फट दिसली तर ठीक, नाही दिसली तर छाती तपासून घ्यायची. मग काय, चहाच्या वेळी सगळं केंद्र बोटं जुळवून आभाळाकडे बघत उभं. फाटकावरून जाणाऱ्यांना वाटायचं, इथे काहीतरी पूजा चालली आहे.

डॉक्टर त्यांना आवरायचा प्रयत्न करीत. ‘साहेब, नख फक्त बोट दाखवतं. चोर कोण ते तपासणी करून ठरतं,’ असं ते माझ्यासमोर म्हणालेले आहेत. साहेबांनी मान डोलावली आणि परतीच्या वाटेवरच एका पानवाल्याला कावीळ ठरवून टाकली. त्याची बोटं काताने रंगली होती.

त्यांच्या चुका काय कमी होत्या. नखांवरचे पांढरे ठिपके म्हणजे हाडांत काही कमी, असं त्यांनी मनानेच ठरवलं आणि सगळ्या हमालांना दूध प्यायला लावलं. हे ठिपके बहुतेक वेळा बारीकसारीक मार लागून येतात, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते हिरमुसले. हमालाच्या बोटाला मार लागणार नाही तर कुणाच्या लागणार? पण त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे निळ्या नखांचा माणूस.

एक गाडीवाला आला. दहाही नखं निळी. साहेबांनी ती पाहिली आणि खुर्ची पाडून उभे राहिले. ‘श्वास कोंडला याचा, उचला,’ म्हणून ओरडले. तो माणूस म्हणत होता, ‘साहेब, मले काही नाही झालं.’ साहेब म्हणत होते, ‘बोलू नको, हवा संपन.’ चार हमालांनी त्याला उचलून केंद्राच्या जीपमध्ये आडवं केलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि एक नख पुसलं. निळा रंग बोळ्यावर आला. शंकरपट जवळ आला होता आणि त्याने आदल्या संध्याकाळी शर्यतीच्या बैलांची शिंगं रंगवली होती. साहेब परत आले ते हसत हसतच. ‘पण खरंच निळी असती तं? तं काय केलं असतं आपण?’

मग एक अफवा उठली. नखं चांगली असली की ग्रेड चांगली लागते. कुणी उठवली माहीत नाही, पण ती रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दुपारच्या आत पोहोचली. दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो तर फाटकाबाहेर न्हाव्याने पोतं अंथरलेलं आणि गाडीवाले ओळीने नखं काढून घेत बसलेले. कुणी लिंबाने घासतंय, कुणी राखेने. एका म्हाताऱ्याने तर तेल लावून नखं चमकवली होती. साहेब फाटकात उभे राहून ते दृश्य पाहत होते. त्यांचा जीव कासावीस झाला.

‘अरे, घासू नका गा. मालावर पाणी मारल्यासारखं होते हे.’

वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडणारा माणूस साहेबांच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हेगार होता. वेचणीला येणाऱ्या बायकांच्या नखांवरची नेलपॉलिश त्यांना तशीच वाटायची. ‘रंग काढून ये माय, मंग दाखव,’ असं ते म्हणायचे आणि बायका खोखो हसत पळायच्या. त्यातल्या एकीने मात्र एकदा खरंच रंग काढून हात पुढे केला. नखं पांढरीफटक आणि खोलगट. साहेबांनी सोडलेला थेंब हलेना. दवाखान्यात रक्त तपासलं, गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या हंगामात ती गाडीवरून उडी मारून उतरली आणि न सांगता बोटं पुढे धरली. साहेबांनी सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं जाहीर केलं, ‘सुपर.’ ती लाजली, पण हात लगेच मागे घेतला नाही.

आता कौसल्याबाईंकडे येतो. त्यांच्याशिवाय साहेबांची गोष्ट सांगणं म्हणजे सरकी काढून कापूस मोजणं.

कौसल्याबाई आवारात सांडलेला कापूस झाडून गोळा करायच्या. साठीच्या आसपासच्या, उंच, ताठ. विहाराच्या मागे त्यांचं घर होतं. साऱ्या केंद्रात साहेबांना नखं न दाखवणारी ती एकच बाई. ‘माही नखं काय कापूस हाय का?’ असं म्हणून त्या झाडू साहेबांच्या खुर्चीखाली घालायच्या, आणि साहेबांना पाय वर घेऊन बसावं लागायचं.

एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मतदान झालं. कौसल्याबाई पांढरं लुगडं नेसून मतदान केंद्र उघडायच्या आधी रांगेत उभ्या होत्या. नंतर कितीतरी दिवस त्या डाव्या हाताची तर्जनी जपत होत्या. भांडी घासताना ते बोट राखेपासून लांब ठेवायच्या, असं त्यांची शेजारीण सांगायची. त्या वयात त्यांना मतदानाचं एवढं अप्रूप का, हे मी एकदा गमतीने विचारलं होतं. त्या गमतीने बोलल्या नाहीत.

‘माह्या मायले गावात कोणी पाटावर बसू देलं नाही, बाबू. पर मताच्या रांगेत ती पाटलिणीच्या पुढं उभी व्हती. पाटलीण म्हणे, सरक. माय म्हणे, नंबर माहा हाय.’

हंगाम संपत आला होता, होळी जवळ आली होती. ऊन तापायला लागलं होतं. कौसल्याबाई टोपलं घेऊन साहेबांच्या पुढून गेल्या आणि टोपल्याच्या काठावर त्यांचं बोट दिसलं. नखाच्या मुळाशी काळा डाग.

‘बोटाले काय लागलं?’ साहेबांनी विचारलं.

‘मत देलं,’ त्या चालता चालता म्हणाल्या.

साहेब हसले आणि पुढच्या गाडीकडे वळले. शेतकऱ्याने कापूस पुढे केला, साहेबांनी धागा ओढला, आणि तो ओढलेला धागा हातात तसाच धरून ते थांबले. त्यांनी आपलं डावं बोट डोळ्यांजवळ नेलं. मग धावत काट्यावर आले.

‘बाबू, आपण मत कधी देलं?’

‘दसऱ्याच्या आधी.’

‘तुही शाई कुठं हाय?’

मी बोट पाहिलं. शाई नव्हती. नखाबरोबर वर सरकत सरकत ती टोकाला गेली असणार आणि मी ती नख कापताना कधीतरी फेकून दिली असणार. साहेबांचा चेहरा असा झाला होता की मला काटा सोडून उभं राहावं लागलं. ते खुर्चीवर चढले.

‘ज्यानं ज्यानं मत देलं त्यानं डावं बोट वर करा.’

मग एक गाडीवाला म्हणाला, ‘कोणाले देलं ते नाही सांगत म्या.’ लोक हसले, पण हात वर झाले. हमाल, गाडीवाले, ट्रॅक्टरवाले, फाटकावरचा पहारेकरी. साहेब खुर्चीवरून उतरून एकेक बोट पाहत सुटले. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ. एखाद्याच्या अगदी टोकाला काळ्याची बारीक कड, बस. सगळ्या आवारात नखाच्या मुळाशी काळं असलेलं बोट एकच होतं, आणि त्या बाईने ते पदरात लपवलं होतं.

‘दाखवा बाई,’ साहेब म्हणाले.

‘म्हंजे? म्या मत देलं नाही म्हणता?’ कौसल्याबाईंचा आवाज चढला. ‘पयली उभी व्हती मी. इचारा त्या शाईवाल्या मास्तरले.’

आता बघा, गोष्ट कुठे अडली होती. तो डाग त्यांच्यासाठी डाग नव्हता. तो खोटा म्हणणं म्हणजे त्यांचं मत खोटं म्हणणं होतं, आणि हे साहेबांच्या लक्षात आलं. मी त्यांना इतकं हळू बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

‘तुमचं मत खरं हाय बाई. शाईबी खरी होती. ती सरकून गेली. आता तिच्या नावावर दुसराच येऊन बसला. बोगस मतदान हाय हे.’

बोगस या शब्दाने काम केलं. कौसल्याबाईंनी हात पदरातून काढला आणि स्वतःच डोळ्यांपुढे धरला. डाग म्हणजे खरं तर पट्टा होता, मुळापासून वर जाणारा, एका बाजूला रुंद झालेला. नखाशेजारच्या कातडीवरही थोडा काळेपणा उतरला होता. ‘हंगाम सरला की जाईन दवाखान्यात,’ त्या म्हणाल्या.

साहेबांनी हातातला कापूस खाली ठेवला आणि खुर्चीवर हाताची घडी घालून बसले. ‘बाई जीपमध्ये बसेपर्यंत एक बोंड पाहत नाही म्या.’

बाहेर रांग स्टँडपर्यंत. आतली बातमी मिनिटात फाटकाबाहेर गेली आणि तिकडून आरडाओरडा सुरू झाला. ‘बसा ना वं माय.’ ‘आमी तीन दिसांपासून उभे हाओ.’ ‘काहून उशीर करून राह्यल्या?’ एका गाडीवाल्याने जीपचं दार उघडून धरलं, दुसऱ्याने त्यांचं टोपलं काढून घेतलं. कौसल्याबाईंनी सगळ्यांकडे एकदा रागाने पाहिलं, लुगडं सावरलं आणि बसल्या. आवारात जे हुश्श झालं ते अजून माझ्या कानात आहे.

डॉक्टरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. आपल्यासारख्या सावळ्या माणसांच्या नखात काळ्या रेघा पुष्कळदा असतात आणि त्यातलं बहुतेक काहीच नसतं, हे त्यांनी आधी सांगितलं. पण एकाच नखात, नव्याने आलेली, रुंदावत चाललेली, आणि कातडीवर उतरलेली रेघ तपासलीच पाहिजे. नागपूरला जायला हवं होतं. साहेब त्यांना घेऊन गेले. तुकडा काढला, तपासला. निकाल आला तो डॉक्टरांनी महागावलाच समोर बसवून सांगितला. साहेब होते, मीही होतो.

कॅन्सर होता. नखाखालून उगवणारा. पण वेळेत सापडला होता, आत उतरला नव्हता. बोटाचं टोक, पहिल्या पेरापर्यंत, काढून टाकलं तर बाई पुढे चांगल्या जगतील असा डॉक्टरांना भरवसा होता. नाही काढलं तर तो बोटापुरता राहणार नव्हता.

कौसल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘मंग शाई कुठी लावतीन?’

हा प्रश्न डॉक्टरांना कुणी कधी विचारला नसेल. ‘ते मला माहीत नाही, आई,’ ते म्हणाले.

‘मंग राहू द्या,’ असं म्हणून त्या उठल्या आणि घरी निघून गेल्या.

साहेब दवाखान्याच्या पायरीवर बसले. त्यांचं ते गोल तोंड एकदम लहान दिसायला लागलं. ‘म्या कायले पाह्यलं ते बोट,’ एवढंच ते म्हणाले. मी त्यांना काही बोलणार, तेवढ्यात ते ताडकन उठले. ‘बाबू, सायकल काढ.’

सायकल मी चालवत होतो आणि साहेब मागे बसून ‘पळव, पळव’ म्हणत होते. त्यांचं वजन मला काट्याशिवाय कळलं. तहसील कचेरीत निवडणुकीचं काम पाहणारा कारकून डबा खात होता. साहेबांनी दारातूनच विचारलं, ‘डाव्या हाताची तर्जनी नसली तं शाई कुठं लावता?’

कारकुनाने घास हातात धरूनच सांगितलं, ‘डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला. नियम आहे.’

‘पक्कं?’

‘पक्कं.’

साहेबांना एका माणसाच्या शब्दावर भरवसा नव्हता. कापसाच्या गाडीतही ते वरून, मधून आणि तळातून माल काढून पाहायचे. ते नायब तहसीलदारांच्या खोलीत घुसले, तिथेही तेच विचारून घेतलं, आणि आम्ही पुन्हा सायकलवर.

कौसल्याबाई अंगणात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. साहेब सायकल थांबायच्या आधीच उतरले, त्यामुळे थोडे धडपडले.

‘मधलं बोट चालते,’ ते धापा टाकत म्हणाले. ‘नियम हाय. मधलं नसलं तं त्याच्या बाजूचं. डावा हातच नसला तं उजव्याचं. सोय हाय बाई साऱ्याची.’

कौसल्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं. ‘आन् दोनी हात नसले तं?’

‘त्याचीबी सोय हाय. जो हात उरला असन त्याच्या टोकाले लावतेत. पण मत कोणाचं जात नाही.’

मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ‘गंज इचार केला म्हणायचा सरकारनं,’ त्या म्हणाल्या. ‘कधी जाचं हाय नागपूरले?’

तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. मी सायकलची घंटी वाजवत सुटलो आणि आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. साहेब मात्र तिथेच मातीत फतकल मारून बसले आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसू लागले. पुसून पुसून पुन्हा ओला होत होता.

शस्त्रक्रिया नीट झाली. साहेब रजा टाकून नागपूरला गेले आणि वॉर्डातल्या बाकीच्या रोग्यांची नखं पाहून तिथल्या सिस्टरची बोलणी खाऊन आले. कौसल्याबाई पुढच्या हंगामात पुन्हा झाडू घेऊन हजर. आखूड झालेलं बोट त्या लपवत नसत. साहेबच त्या बोटाकडे बघायचं टाळत, आणि हे लक्षात आल्यावर त्या मुद्दाम त्यांच्या नाकासमोर हात नेऊन म्हणायच्या, ‘पाहा ना, काहून पाहत नाही आता?’

मग केंद्र बंद झालं. खरेदीची ती सगळी व्यवस्थाच मोडत गेली. आवारात गवत वाढलं. साहेब निवृत्त होऊन कळंबला आपल्या घरी गेले. मी एकदा चिंतामणीच्या दर्शनाला गेलो, तर साहेब मंदिराबाहेर प्रसाद वाटत बसलेले. मला वाटलं, भक्तीला लागले. जवळ गेलो तेव्हा कळलं. प्रसादासाठी लोक आपणहून हात पुढे करत होते, तेही लख्ख उन्हात. साहेब प्रत्येकाच्या हातावर खडीसाखर ठेवत होते, बोटं वळवून नखं पाहत होते आणि एखाद्याला बाजूला बसवत होते. मला पाहून इतके खूश झाले की पुढच्या माणसाची साखर माझ्याच हातावर ठेवली.

तीच शेवटची भेट. त्यानंतरच्या थंडीत ते दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. निरोप आला तेव्हा मी कौसल्याबाईंना सांगायला गेलो. त्यांनी आत जाऊन मला पाणी आणून दिलं. मला त्या माणसाची आठवण आली की अजूनही हसू येतं, आणि मग ते हसू कुठे ठेवावं ते कळत नाही.

पुढची मोठी निवडणूक आली ती उन्हाळ्यात. शाळेच्या आवारात रांग लागली होती. कौसल्याबाई अर्थातच पहिल्या. पांढरं लुगडं, केस चापून बांधलेले. शाई लावणाऱ्या मास्तरांनी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि तर्जनी शोधू लागले.

‘ते नाही. हे,’ कौसल्याबाईंनी मधलं बोट पुढे केलं. ‘नियम हाय.’

मत देऊन त्या बाहेर आल्या. रांगेतल्या बायकांनी बोटाचं विचारलं आणि झालं, त्या उन्हात उभं राहून सगळी गोष्ट सांगायला लागल्या. बोगस मतदान, जीप, दोन्ही हात नसले तर काय, सगळं. शेवटी त्यांनी नुकत्याच काळ्या झालेल्या बोटाने रांगेला बजावलं, ‘ही शाई सरकली पाह्यजे. दिवाळीपर्यंत पाहत राहा. जागची हालली नाही तं दवाखान्यात जा.’

रांगेतल्या सगळ्या बायका आपापली नखं पाहू लागल्या. मग पुरुषांची रांग. एकाने शेजाऱ्याचं बोट धरून सूर्याकडे केलं, मागच्याने मान पुढे घातली. दारावरच्या पोलिसाने काठी काखेत घेतली आणि स्वतःची नखं उन्हात धरली. आतून कुणीतरी ‘पुढचं कोण?’ म्हणून हाक मारत होतं आणि एकही माणूस जागचा हलत नव्हता.

कौसल्याबाई माझ्याजवळ आल्या. ‘साहेब असते तं आज काय केलं असतं?’ त्यांनी विचारलं.

‘एकालाही मत देऊ दिलं नसतं,’ मी म्हणालो. ‘आधी सगळ्यांची नखं पाहिली असती.’

त्या हसल्या. मग पदर तोंडाला लावून तशाच उभ्या राहिल्या, आणि रांग त्यांच्या बाजूने हळूहळू पुढे सरकू लागली.